दुकानाचं नाव ठरवताना: गिऱ्हाईक पाटीवर काय वाचतं?

दुकानांच्या पाट्या करणं हा माझा धंदा. आधी ब्रश आणि ऑइलपेंट होता, मग फ्लेक्स आला, आता एसीपी (अॅल्युमिनियमच्या) शीटवर अॅक्रिलिकची अक्षरं आणि आत एलईडी. नवा दुकानदार येतो तेव्हा मोबाईलमध्ये तीन-चार नावं लिहून आणतो. पहिलं नाव मुलीचं किंवा नातवाचं, दुसरं कुलदैवताचं, तिसरं ज्योतिषाने दिलेल्या अक्षरावरून काढलेलं. घरात यावर भरपूर काथ्याकूट झालेला असतो. मी विचारतो, "पुढे काय लावायचं? स्टोअर्स, भांडार, मार्ट?" उत्तर येतं, "लावा हो काहीही, दिसायला बरं वाटेल ते."

माझ्या मते खरी चर्चा इथेच व्हायला हवी. 'आराध्या' हे घरच्यांच्या समाधानासाठी असतं. रस्त्यावरून जाणारं गिऱ्हाईक ते वाचतं आणि सोडून देतं. त्याची नजर थांबते ती पुढच्या शब्दावर. 'आराध्या वस्त्रभांडार' आणि 'आराध्या बुटीक' ही एकाच शटरमागची, एकाच मालाची दुकानं असली तरी आत शिरणारी माणसं वेगळी असतील, आणि शिरताना मनात धरलेला भावही वेगळा असेल. या दुसऱ्या शब्दाला मी दुकानाचं आडनाव म्हणतो. पहिल्यांदा दुकान टाकणाऱ्यांसाठी हा लेख बराचसा त्या आडनावाबद्दल आहे.

पायरी १: गिऱ्हाइकाच्या मनातले प्रश्न लिहून काढा

नावाचा विचार करण्याआधी कागद घ्या. शटरसमोर उभं राहिलेलं माणूस आत यायच्या आधी काय काय ताडून बघतं, ते लिहा. वाणसामान, कपडे, सोनं, जेवण काहीही असो, प्रश्न साधारण हेच असतात: आत भाव करता येईल का? सुटं मिळेल का? उधारी चालते का? हात लावून बघितलं तर कुणी ओरडेल का? काही न घेता बाहेर पडलो तर तोंड वाकडं करतील का? चपला काढायच्या का? बायकापोरांना घेऊन जाण्यासारखं आहे का?

यातलं काहीच कुणी तोंडाने विचारत नाही. पाटी, दारातला माल आणि गल्ल्यावरचा माणूस बघून अंदाज बांधला जातो, आणि पाटी सगळ्यात आधी दिसते. दर प्रश्नापुढे तुमचं खरं उत्तर लिहा. 'भाव होणार नाही, सुटं देणार नाही, ओळखीच्यांनाच उधारी' असं असेल तर तसंच लिहा. नाव याच उत्तरांशी जुळवायचं आहे. मनातल्या मोठ्या शोरूमशी जुळवायला गेलात तर पुढची पायरी चुकलीच म्हणून समजा.

पायरी २: आडनाव निवडा

इथे घाई नको. मराठी मुलखात प्रत्येक आडनावामागे एक ठरलेलं चित्र आहे.

कापडापासून सुरुवात करू. 'वस्त्रभांडार' म्हटलं की पांढऱ्या गाद्या, चपला बाहेर, समोर बसून ठाण उलगडणारा सेल्समन, आणि लग्नाच्या बस्त्याला आलेलं अख्खं गणगोत. नऊवारीपासून टॉवेल-टोपीपर्यंत सगळं मिळेल, आहेराच्या साड्या डझनाने मिळतील, चहा मिळेल, थोडं घासाघीस करता येईल. 'साडी सेंटर' यापेक्षा छोटं, बाजारपेठेतलं, रोजच्या वापराचं. 'कलेक्शन' आलं की ड्रेस, कुर्ती, हँगरला टांगलेला माल, तरुण मुली. 'दालन' म्हटलं की मजले, लिफ्ट, किमतीची चिठ्ठी आणि एकच भाव. 'बुटीक' म्हटलं की शिवून घेणं, ब्लाउजची डिझाइन आणि बाजारापेक्षा चढा दर. आता विचार करा, तुमच्याकडे चारशे ते हजार रुपयांच्या साड्या आहेत आणि पाटीवर 'बुटीक' आहे. ज्यांना त्या साड्या हव्यात त्या बाया बाहेरूनच निघून जातील. ज्या आत येतील त्यांना तुमच्या साड्या नको असतील.

वाणसामानात तर हे आणखी ठळक दिसतं. 'किराणा व भुसार' म्हणजे पोती, तराजू, सुटा माल, वही. 'जनरल स्टोअर्स' म्हणजे वह्या-पेनं, साबण, टिकल्यांची पाकिटं आणि बरणीतल्या गोळ्या. 'सुपर शॉपी' हे खास आपल्याकडचं. शॉपी म्हटलं की दुकान लहान पण नवं, माल पाकिटबंद. 'दूध शॉपी', 'मोबाईल शॉपी' अशी तिची भावंडं गल्लोगल्ली आहेत. 'मार्ट' म्हटलं की स्वतः फिरून टोपलीत माल घ्यायचा आणि एमआरपीपेक्षा काहीतरी कमी लागणार. ही अपेक्षा मोठ्या साखळी दुकानांनी तयार केली. २००२ साली पवईत पहिलं डी-मार्ट उघडलं, आणि पुढच्या वीस वर्षांत 'मार्ट' या शब्दाला 'सूट' हा अर्थ चिकटला. तुम्ही शब्द घेतला की तो अर्थही घेतलात. एमआरपीला विकणार असाल तर गिऱ्हाइकाला फसल्यासारखं वाटतं, मग तुमचा दर शेजारच्या वाण्याइतकाच का असेना.

'बाजार' या शब्दाचंही तसंच. १९४८ साली मुंबईत नायगावच्या कामगारवस्तीत सहकारी तत्त्वावर सुरू झालेल्या दुकानाला 'अपना बाजार' हे नाव शोभलं, कारण ते भावात आणि मालकीतही 'अपना' होतं. २००१ साली किशोर बियाणी यांनी 'बिग बाजार' काढला तेव्हा दुकान वातानुकूलित होतं, पण आत मुद्दाम गर्दी, ढीग आणि हात घालून बघता येईल असं धान्य ठेवलं. नाव बाजाराचं आणि आत दवाखान्यासारखी शांतता असती तर लोक दारातूनच परतले असते. नाव जे बोलतं ते आतल्या मांडणीनेही बोलावं लागतं.

आमच्या भागातलं एक जवळून पाहिलेलं उदाहरण सांगतो. तालुक्याच्या गावी एका मुलाने वडिलांची 'किराणा व भुसार मालाचे व्यापारी' ही पाटी उतरवून 'सुपर मार्ट' लावलं. माल तोच, गल्ला तोच, गल्ल्यावर वडीलही तेच. आठवडी बाजाराच्या दिवशी खेड्यांवरून येणाऱ्या बाया उंबऱ्याशी थांबून विचारायला लागल्या, "आत टोपली घ्यावी लागती का रं?" दहा रुपयांचं गोडं तेल मागणारं गिऱ्हाईक बिचकू लागलं. वहीवरची उधारी बंद झाली असं लोकांनी आपापलंच ठरवलं. उलट बदली होऊन आलेले नोकरदार येऊन फ्रोजन मटार आणि तीन तऱ्हेचं चीज विचारू लागले, जे तिथे कधीच नव्हतं. शेवटी पाटी तशीच ठेवून खाली दुसरी ओळ टाकली: 'किराणा व भुसार. सुटा माल मिळेल.' बाया पुन्हा आत आल्या. नोकरदारांचं काय झालं ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

खाण्यापिण्याच्या जागांत आडनावं सगळ्यात जास्त, आणि तिथे चुकलात तर गिऱ्हाईक ताटावर बसून भांडतं. 'खानावळ' म्हणजे ठरलेलं जेवण, महिन्याचा मेंबर, रविवारी संध्याकाळी बंद. 'भोजनालय' म्हणजे स्टँडजवळची थाळी. 'हॉटेल' हा शब्द आपल्याकडे खाण्याच्या जागेला लागतो. बाहेरच्या राज्यातला माणूस रात्री खोली मागायला येतो आणि मिसळ खाऊन जातो. 'फॅमिली रेस्टॉरंट' असं लिहिलं की बायका-मुलांना बसायची वेगळी सोय हवीच, आणि त्याच पाटीवर 'परमिट रूम' असेल तर ती सोय कुठल्या दाराने, हेही लोक बघतात. 'पोळी-भाजी केंद्र' ही आपली खास सोय: पोळ्या मोजून, भाज्या डब्यात, बसायला जागा नाही, तेल बेताचं, आणि साडेआठनंतर गेलात तर दोनच भाज्या उरलेल्या. अशा नावाखाली पनीर टिक्का आणि नूडल्स विकायला घेतलेले मी पाहिलेत. चव बिघडायच्या आधी भरवसाच बिघडतो.

'कॅफे' हा शब्द तर जागेप्रमाणे रंग बदलतो. पुण्याच्या कॅफे गुडलकमध्ये, किंवा मुंबईच्या कुठल्याही जुन्या इराण्याकडे, कॅफे म्हणजे बनमस्का, ऑम्लेट, खिमा. पणजीत कॅफे तातोसारख्या जागी कॅफे म्हणजे सकाळची पातळ भाजी, पाव आणि मिरची भजी. आणि कॉलेजच्या पोरांसाठी कॅफे म्हणजे एसी, वायफाय, दोनशेची कॉफी आणि तीन तास बसायची मुभा. तुमच्या गल्लीत कुठला अर्थ चालतो ते आधी बघा. एक कप घेऊन पोरं तीन तास बसली की तक्रार करू नका, तुम्हीच बोलावलंय.

'अमृततुल्य'ची गोष्ट वेगळी आहे. पुण्यातली जुनी अमृततुल्यं राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी चालवली आणि नावं ठेवली देवांची: नर्मदेश्वर, अंबिका. पितळी पातेलं, खलबत्त्यात कुटलेलं आलं-वेलची, उभ्यानेच प्यायचा गोड दाट चहा, फार तर क्रीमरोल किंवा खारी. तिथे जेवण कुणी मागत नाही, साखर कमीही कुणी मागत नाही. गेल्या काही वर्षांत हा शब्द फ्रँचायझीवाल्यांनी राज्यभर नेला. त्यामुळे नव्याने चहाचं दुकान टाकणाऱ्याला आज 'अमृततुल्य' लावलं की चव आणि दर दोन्ही समजावून सांगावे लागत नाहीत. पण लेमन टी आणि सँडविच हे तुमचं मुख्य असेल तर या शब्दाच्या वाटेला जाऊ नका.

पायरी ३: गावाचं किंवा प्रांताचं नाव लावायचं का?

'मालवणी' लिहिलंत की सोलकढी हवी, तिरफळाचा वास हवा, आणि बांगडा ताजा हवा. शिवाय कणकवलीचं एखादं गिऱ्हाईक पहिल्याच घासाला परीक्षा घेणार. 'सावजी' लिहिलंत की नागपूरच्या हलबा कोष्टी समाजाच्या स्वयंपाकघरातून आलेला काळा, झणझणीत रस्सा हवा. तिखट कमी करून दिलंत तर लोक पैसे देतील, पुन्हा येणार नाहीत. 'कोल्हापुरी' मात्र राज्याबाहेर 'तिखट' एवढ्यावरच येऊन थांबलं आहे. कोल्हापूरच्या माणसाला विचारा, तो तांबडा-पांढरा सांगेल आणि 'व्हेज कोल्हापुरी' कुठून आलं ते तुम्हालाच विचारेल.

गावाचं नाव वस्तूला लावताना आणखी जपून. पैठणी आणि कोल्हापुरी चप्पल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. कोल्हापुरी चपलेचं मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे. 'येवला पैठणी' अशी पाटी लावली की गिऱ्हाईक हातमागाची, मागची बाजू पुढच्यासारखीच दिसणारी साडी धरून चालतं. आत यंत्रमागाचा सेमी-पैठणीचा ढीग असेल तर त्यात वावगं काही नाही, पण मग पाटीवर 'येवला' कशाला? 'पैठणी व सेमी-पैठणी' असं स्वच्छ लिहिलेलं एक दुकान मला माहीत आहे, आणि तिथे सेमीच जास्त खपते. हजार-दीड हजाराची साडी घ्यायला आलेल्या बाईला आत जायचा धीर त्या एका शब्दाने येतो.

छोट्या गावात 'मुंबई ड्रेसेस', 'बॉम्बे सलून' ही नावं एके काळी फॅशनची खूण होती. आता मुंबईचं दर्शन मोबाईलवरच होतं, त्यामुळे त्यांचा जोर ओसरला आहे. नवीन टाकत असाल तर सोडून द्या.

पायरी ४: माणसाचं नाव, नातं, आडनाव

सोन्याच्या धंद्यात मालकाचं खरं आडनाव हेच दुकान. सांगलीत १८३२ साली सुरू झालेली गाडगीळांची पेढी आणि गिरगावात १९०९ साली उघडलेलं वामन हरी पेठे, या पाट्यांवर विशेषण एकही लागलं नाही. कारण सोनं घेणारा माणूस मोडीला परत येणार असतो. पंचवीस वर्षांनी मुलीच्या लग्नात जुना गोफ घेऊन आलो तर हाच माणूस, निदान याच घरातलं कुणीतरी, गल्ल्यावर असेल, असं त्याला पाटीवरून कळायला हवं असतं. म्हणून तिथे 'आणि सन्स' लागतं, 'बंधू' लागतं.

नव्या सराफाकडे ही पिढ्यांची पुण्याई नसते. पण १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, असावाच लागतो, आणि तो मोबाईलवर तपासता येतो. शुद्धतेचा भरवसा थोडा तरी आडनावाकडून त्या आकड्यांकडे सरकला आहे. नव्या माणसाने 'सराफ' लावायचं की 'ज्वेलर्स' हे मात्र नीट ठरवावं. सराफ म्हटलं की मोड घेणार, मणी-मंगळसूत्र गाठवून देणार, जुन्या घडणीची ठुशी-मोहनमाळ मिळणार. ज्वेलर्स म्हटलं की काचेचं शोरूम, हिरे, ईएमआय.

खाण्याच्या धंद्यात आडनावाऐवजी नातं चालतं: मामा, काका, आजी, वहिनी. 'आजीचं' असं काही लिहिलंत की घरगुती चव, बेताचं तेल आणि परवडणारी किंमत, तिन्ही गळ्यात पडतात. आजीच्या नावाने चारशे रुपयांची थाळी लावली की लोक हसून निघून जातात. आडनाव लावलं तर त्यातून जातही वाचली जाते, हे उघड बोललं जात नसलं तरी आहेच. 'ब्राह्मणी पद्धतीचं', 'मराठा खानावळ', 'आगरी' या पाट्या चवीबरोबर आणखी काही सांगत असतात. ते तुम्हाला सांगायचं आहे का, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी ते शब्द लिहून देतो, पण सुचवत नाही.

आणि हो, आडनावाच्या दुकानाचं नाव झालं की त्याच आडनावाची दुकानं आजूबाजूला उगवतात. पुण्यात 'आमची कोठेही शाखा नाही' ही ओळ त्यातूनच जन्माला आली. वाचणाऱ्याला ती खडूस वाटते. लिहून घेणाऱ्याला तो शेवटचा उपाय असतो. पहिल्या दिवशीच ही ओळ टाकून मागणारे नवे दुकानदारही भेटतात. त्यांना मी म्हणतो, आधी कुणीतरी नक्कल करावी इतकं चालू द्या.

पायरी ५: विशेषणांना चाळणी

'शुद्ध', 'ताजे', 'अस्सल', 'स्वस्त', 'होलसेल', 'एकच भाव', 'सुप्रसिद्ध'. नवा माणूस यातली तीन तरी मागतो. दादर स्टेशनबाहेरच्या मामा काणे यांच्या जुन्या उपाहारगृहाच्या नावातच 'स्वच्छ' हा शब्द आहे. ज्या काळात लोक बाहेर खायला कचरत होते त्या काळात तो एक शब्द दहा जाहिरातींचं काम करत होता. आज 'स्वच्छ' लिहिलंत तर माणूस आधी टेबलावर बोट फिरवून बघेल.

'होलसेल' लिहिल्यावर किरकोळ गिऱ्हाईक एक नग मागायला लाजतं, आणि येणारं गिऱ्हाईक प्रत्येक वस्तूवर घासाघीस करतं. 'एकच भाव' हे सोनं-कपड्यात चालतं, भाजीत चालत नाही. नावात किंमत घालणं ('ऑल ९९' वगैरे) तर सगळ्यात अवघड. महागाई थांबत नाही आणि पाटी बदलायला पुन्हा माझ्याकडे यावं लागतं. माझं काय, मी करून देईन.

खाद्यपदार्थ पाकिटात भरून विकणार असाल तर विशेषण कायद्यातही अडकतं. एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २०१८च्या नियमांनुसार ब्रँडच्या नावात 'नॅचरल', 'फ्रेश', 'प्युअर', 'ट्रॅडिशनल' अशा तऱ्हेचा शब्द असेल आणि त्यामुळे गिऱ्हाइकाची दिशाभूल होऊ शकत असेल, तर हे फक्त ब्रँडचं नाव आहे, मालाचं खरं स्वरूप नव्हे, अशा अर्थाची ओळ लेबलवर छापावी लागते. 'शुद्ध' लिहायचं आणि खाली बारीक अक्षरात 'हे फक्त नाव आहे' छापायचं, यापेक्षा तो शब्द न घेतलेला बरा. 'खादी'चंही तसंच: खादी मार्कशिवाय कापड खादी म्हणून विकता येत नाही.

विशेषण हवंच असेल तर ज्याची परीक्षा लगेच होते असं घ्या. पुण्यातली 'काटा किर्र' मिसळ बघा. नावात 'तिखट' नाही, 'अस्सल' नाही, पण रुमाल बरोबर ठेवायचा हे वाचणाऱ्याला कळतं.

पायरी ६: पाटीवर ते वाचलं कसं जाईल?

महाराष्ट्रात दुकानांच्या कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची आहे: देवनागरी लिपी, मराठी नाव आधी, आणि त्याची अक्षरं इतर भाषेपेक्षा लहान नकोत. सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली, त्या काळात आमच्या वर्कशॉपला रात्री शटर नव्हतं. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. इंग्रजीत रुबाबदार वाटणारी बरीच नावं देवनागरीत उतरवली की ओशाळी दिसतात. 'द सोल स्टोरी' हे चपलांचं दुकान आहे हे देवनागरीत कळत नाही, कारण चपलेचा तळ आणि आत्मा हे दोन्ही इंग्रजी 'सोल' तिथे सारखेच दिसतात. एक आजोबा तिथे योगाचा क्लास आहे का म्हणून विचारून गेले. म्हणून नाव आधी देवनागरीत लिहा, मोठ्याने वाचा, मगच इंग्रजीत काय करायचं ते बघा.

आता कारागिरीतलं. अॅक्रिलिक अक्षरांत अनुस्वार हा सुटा तुकडा असतो. दोन पावसाळे गेले की पहिला तोच निखळतो आणि 'आनंद'चा 'आनद' होतो. जोडाक्षरं जास्त असलेलं नाव चालत्या एसटीतून वाचता येत नाही. शक्य असेल तर चार-पाच अक्षरांचं, कमीत कमी जोडाक्षरांचं नाव घ्या. आणि शुद्धलेखन कुणाकडून तरी तपासून आणा. खाण्याच्या जागेला 'उपाहारगृह' हवं. 'उपहारगृह' म्हटलं तर भेटवस्तूंचं दुकान होतं. असं लिहिलेल्या शेकडो पाट्या राज्यभर आहेत आणि लोक तिथे वडेच खातात, पण नवी करताना तरी बरोबर करा.

पायरी ७: कायद्याच्या चार गोष्टी, पटापट

ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर नाव आधी शोधा, फुकट आहे. नोंदणी करायची तर व्यक्ती किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाचे प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये पडतात, आणि नोंदणी दहा वर्षं चालते. निव्वळ वर्णनाचं नाव ('गोड मिठाई') सहसा नोंदलं जात नाही. स्वतःचं आडनाव प्रामाणिकपणे वापरायला कायदा अडवत नाही, पण नावाबरोबर दुसऱ्याच्या पाटीचा रंग आणि अक्षराची वळणंही उचललीत तर तो प्रामाणिकपणा कोर्टात टिकत नाही.

छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांची नावं-चित्रं धंद्यासाठी वापरायला १९५०च्या कायद्याने बंधन आहे. दारू विकणाऱ्या किंवा देणाऱ्या जागेला महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावं चालत नाहीत. 'बँक', 'सहकारी' हे शब्द परवानगीशिवाय लावू नका. जीएसटी नोंदणी असेल तर दर्शनी पाटीवर नंबर हवा. कंपोझिशन योजनेत (छोट्या धंद्यांसाठीची सोप्या जीएसटीची योजना) असाल तर तसंही लिहावं लागतं. त्यासाठी जागा आधीच सोडा, नाहीतर नंतर कोपऱ्यात स्टिकर चिकटवावा लागतो. लाइटची पाटी लावण्याआधी महापालिकेच्या आकाशचिन्ह व परवाना विभागात फी किती पडते ते विचारून घ्या. फी पाटीच्या मापावर असते, आणि ते माप ऐकल्यावर बऱ्याच जणांच्या पाट्या आपोआप लहान होतात.

पायरी ८: आधी फ्लेक्सवर चालवून बघा

अक्षरं कापायला देण्याआधी नाव साध्या कागदावर मोठं लिहून पाच-सहा अनोळखी माणसांना दाखवा. ओळखीच्यांना नको, ते छान म्हणतात. रिक्षावाला, भाजीवाली, बँकेतला शिपाई चालेल. 'नाव कसं वाटतं' असं विचारू नका. विचारा: आत काय मिळेल? साधारण कितीला? तुम्ही जाल का, की आधी बाहेरून बघाल? उत्तरं पायरी १ च्या कागदाशेजारी लिहा. दोन-तीन ठिकाणी फरक दिसला तर बहुतेक वेळा पहिलं नाव बदलावं लागत नाही, दुकानाचं आडनाव बदललं की काम होतं.

मग तेच नाव स्वस्तातल्या फ्लेक्सवर लावून दुकान उघडा. लाकडी फ्रेमसकट त्याचा खर्च लाइटच्या पाटीच्या मानाने किरकोळ असतो. गल्ल्याशेजारी एक वही ठेवा आणि उंबऱ्यावर थांबून लोक काय विचारतात तेवढंच त्यात टिपा: "नॉनव्हेज आहे का?", "एकच देता का?", "अपॉइंटमेंट लागते का?" एकच प्रश्न परत परत येत असेल तर त्याचं उत्तर पाटीच्या दुसऱ्या ओळीत टाका, 'सुटा माल मिळेल'सारखं, चार शब्दांत. ते प्रश्न थांबले की अक्षरांची ऑर्डर द्या, आणि दोन्ही ओळींचं माप एकदमच घ्यायला सांगा. नंतर जोडलेली ओळ नेहमी ठिगळासारखी दिसते आणि महागही पडते.